'दहावी फ' : तुकडी, वर्तन आणि भरपाई

प्रस्तावना

अभ्यासात मागे पडलेल्या विद्यार्थ्याला 'ढ' म्हणण्याची रूढी मराठीत जुनी आहे. ब्राह्मी लिपीपासून आजच्या देवनागरीपर्यंत बहुतेक अक्षरांची वळणे बदलली, 'ढ'चे वळण मात्र जवळजवळ तसेच राहिले. म्हणून जो पुढे सरकत नाही तो 'ढ', अशी या शब्दाची उपपत्ती सांगितली जाते. उपपत्ती खरी असो वा नसो, मुलाविषयीचा संपूर्ण निवाडा एका अक्षरात उरकण्याची सोय या शब्दाने करून दिली, हे मात्र खरे. मराठी शाळांनी तुकड्यांना नावे देतानाही अक्षरांचाच आश्रय घेतला. अ, ब, क, ड, इ, फ हा क्रम ना देवनागरी वर्णमालेचा आहे, ना नीट रोमन लिपीचा. तरीही शाळेत शिकलेल्या प्रत्येक मराठी माणसाला तो तोंडपाठ असतो आणि त्यातील प्रत्येक पायरीची सामाजिक किंमतही ठाऊक असते. जेथे मुले गुणांच्या क्रमाने वाटली जातात, तेथे 'अ'मधील मूल आणि 'फ'मधील मूल एकाच छपराखाली, एकाच गणवेशात असले, तरी ती एका शाळेत शिकत नसतात.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'दहावी फ' (२००२) या चित्रपटाने हेच अक्षर शीर्षकात घेतले. पुण्यातील एका शाळेत घडलेल्या घटनेवर बेतलेला हा चित्रपट प्रदर्शित झाल्यापासून मुख्यतः 'प्रेरणादायी' म्हणून वाखाणला गेला. शिक्षकदिन, शिक्षक-प्रशिक्षण अशा निमित्तांनी त्याचा उल्लेख होतो तो बहुधा याच विशेषणासह. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन थोडे निराळे आहे. मुलाचे वर्तन हा त्याच्या स्वभावाचा गुणधर्म नसून शाळेने आणि समाजाने त्याला दिलेल्या स्थानाचा परिणाम असतो, हे या चित्रपटाने मराठीत प्रथमच इतक्या स्पष्टपणे मांडले, हे त्याचे खरे सामर्थ्य होय. मात्र ज्या व्यवस्थेने ते स्थान दिले तिच्याकडे भरपाई मागण्याच्या टप्प्यावर चित्रपटाची नजर पुन्हा मुलांकडेच वळते. ही त्याची मर्यादा आहे आणि ती केवळ एका कलाकृतीची नाही. शाळा व समाज यांविषयीच्या आपल्या एकूण विचाराचीच ती मर्यादा आहे.

दिग्दर्शकांची पार्श्वभूमी आणि आशयसूत्र

सुमित्रा भावे (१९४३–२०२१) या चित्रपटाकडे वळल्या त्या समाजकार्याच्या वाटेने. पुण्याच्या कर्वे समाजसेवा संस्थेत त्यांनी अध्यापन केले होते. दलित स्त्रियांच्या जीवनकहाण्या संकलित करण्याच्या संशोधनातून त्यांना दृश्य माध्यमाची गरज जाणवली आणि त्यातून 'बाई' (१९८५) हा लघुपट साकारला. सुनील सुकथनकर हे पुण्याच्याच फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटमधून शिक्षण घेतलेले. 'दोघी', 'वास्तुपुरुष', 'देवराई', 'अस्तु', 'कासव' अशी या दोघांची चित्रसंपदा पाहिली असता एक सूत्र हाती लागते. ज्या व्यक्तीला समाज 'बिघडलेली', 'कलंकित' वा 'वेडी' ठरवतो, त्या व्यक्तीच्या भोवतालाची कसून चौकशी करणे, हे ते सूत्र. समाजकार्यातील व्यक्तिअभ्यासाची ही शिस्त त्यांच्या कथनपद्धतीत मुरलेली आहे. 'दहावी फ' हा चित्रपट याच चौकशीचा भाग आहे. फरक इतकाच की येथे चौकशीचा विषय एक व्यक्ती नसून एक वर्ग आहे.

कथासूत्र साधे आहे. 'फ' तुकडीत गरीब, कष्टकरी घरांतील आणि परीक्षेच्या दृष्टीने 'कच्ची' मुले एकत्र आली आहेत. 'अ' तुकडीतील सुस्थित मुलांकडून होणारी हेटाळणी असह्य होऊन हाणामारी होते. शिक्षा 'फ'च्या वाट्याला येते आणि शाळेचे दार त्यांना बंद होते. संतापलेली मुले शाळेच्या प्रयोगशाळेची मोडतोड करतात. गणेश देशमुख हे शिक्षक (अतुल कुलकर्णी) या मुलांना सोडून देण्यास नकार देतात. झालेले नुकसान स्वतःच्या श्रमाने भरून काढण्याचा मार्ग मुलांपुढे उभा राहतो आणि तो प्रवास चित्रपटाच्या उत्तरार्धाचा गाभा ठरतो.

या सूत्रात तीन प्रश्न दडले आहेत. मुले अशी का वागली? त्यांनी प्रयोगशाळाच का फोडली? भरपाई कोणी कोणाला द्यायची? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे चित्रपट समर्थपणे देतो. तिसऱ्या प्रश्नाचे त्याचे उत्तर अपुरे आहे.

तुकडी ही मोजणी की घडवणूक?

तुकडी पाडण्याचा नेहमीचा युक्तिवाद असा की, सारख्या कुवतीची मुले एकत्र असली म्हणजे शिकवणे सोपे जाते. या युक्तिवादात एक गृहीतक दडलेले आहे. कुवत ही मुलात आधीच असते, शाळा ती फक्त मोजते, असे तो मानतो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील शैक्षणिक समाजशास्त्राने नेमक्या याच गृहीतकाला हादरा दिला. डेव्हिड हारग्रीव्ज यांनी १९६७ मध्ये एका इंग्लिश माध्यमिक शाळेतील मुलग्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. वरच्या तुकड्यांत अभ्यासू मुलाला मान होता, तर खालच्या तुकड्यांत जो शाळेचे नियम मोडतो त्याला मान होता. शाळेने ज्यांना प्रतिष्ठा नाकारली त्यांनी प्रतिष्ठेचे स्वतःचे माप तयार केले आणि ते शाळेच्या मापाच्या नेमके उलट होते. कॉलिन लेसी यांनी १९७० मध्ये दुसऱ्या एका शाळेच्या अभ्यासातून हीच प्रक्रिया दोन पायऱ्यांत मांडली. आधी शाळा मुलांमध्ये भेद करते, मग मुले त्या भेदाभोवती दोन ध्रुवांवर गोळा होतात. म्हणजे वात्रटपणा घेऊन मुले खालच्या तुकडीत येतात असे नाही. बऱ्याच अंशी ती तुकडीच त्यांना वात्रटपणा पुरवते.

'दहावी फ'मधील मुलांचे वर्तन या प्रकाशात पाहिले की त्याची संगती लागते. त्यांचा उद्धटपणा, वर्गातील गोंगाट, एकमेकांना सांभाळून घेण्याची वृत्ती, शिक्षकांविषयीचा अविश्वास ही 'बिघडल्याची' लक्षणे म्हणून चित्रपट दाखवत नाही. अपमानित समूहाने स्वतःचा मान राखण्यासाठी उभारलेली ती तटबंदी आहे. एरिक एरिक्सन यांच्या विकासविषयक मांडणीनुसार शालेय वयात मुलापुढील मुख्य पेच उद्यमशीलता की न्यूनत्व हा असतो आणि किशोरवयात 'मी कोण' हा असतो. ज्या मुलाला पहिल्या पेचाचे उत्तर शाळेने 'न्यूनत्व' असे देऊन ठेवले आहे, ते दुसऱ्या पेचाचे उत्तर शाळेबाहेर शोधणार, किंवा शाळेच्या विरोधात शोधणार, यात नवल नाही.

येथे एक आक्षेप विचारात घ्यावा लागतो. रॉबर्ट रोझेन्थाल व लेनोर जेकबसन यांच्या १९६८ सालच्या प्रसिद्ध प्रयोगाने शिक्षकांच्या अपेक्षेमुळे मुलाची प्रगती बदलते असे दाखवले. यादृच्छिकपणे निवडलेल्या सुमारे २० टक्के मुलांविषयी 'ही यंदा झेप घेतील' असे शिक्षकांना सांगण्यात आले आणि त्यांतील काही मुलांची बुद्धिमापनातील प्रगती खरोखर अधिक दिसली. पुढच्या संशोधनाने मात्र हा परिणाम सामान्यतः लहान असतो, असे दाखवून या निष्कर्षाला मर्यादा घातल्या. मग अपेक्षेचा एवढा बाऊ का करावा, असे कोणी विचारील. याचे उत्तर त्याच प्रयोगात आहे. परिणाम ठळक दिसला तो पहिली-दुसरीच्या मुलांत. म्हणजेच शिक्का लवकर बसतो. एका वर्षाच्या शिक्क्याचा परिणाम लहान असेल; पण तोच शिक्का दरवर्षी जूनमध्ये नव्या हजेरीपटावर नव्याने उमटत राहिला तर दहावीपर्यंत त्याचे ओझे किती होईल, याचा हिशेब प्रयोगशाळेत मांडता येत नाही. हा साठत आलेला हिशेब फुटण्याच्या क्षणी चित्रपट मुलांना गाठतो. म्हणूनच त्याचे वर्ष दहावी असणे अर्थपूर्ण ठरते.

कुवतीनुसार गट करणे सरसकट घातक असते, असा याचा अर्थ नव्हे. १९९५ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या 'प्रथम' संस्थेने वाचन-गणितात मागे पडलेल्या मुलांना इयत्तेऐवजी पातळीनुसार, ठरावीक काळापुरते एकत्र बसवून शिकवण्याची पद्धत रूढ केली आणि तिचे परिणाम अनेक मूल्यमापनांत चांगले दिसले. पण त्या गटात मूल शिकून बाहेर पडण्यासाठी जाते. 'फ' तुकडीत मूल टाकले जाते ते इतरांच्या वाटेतून दूर करण्यासाठी. पहिली व्यवस्था मुलासाठी आहे, दुसरी शाळेच्या निकालासाठी. राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाचे मुख्यालय असलेल्या पुण्यात निकालाच्या टक्केवारीचे माहात्म्य निराळे सांगायला नको. शंभर टक्क्यांची परंपरा राखण्यासाठी कच्च्या मुलाला नववीतच थोपवावे किंवा १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसायला सांगावे, ही तक्रार शिक्षणक्षेत्राला अपरिचित नाही. अशा व्यवहारात 'फ' तुकडी ही प्रतीक्षालयासारखी असते. तेथून पुढे जाण्यापेक्षा बाहेर पडण्याचा रस्ता जवळ असतो.

प्रयोगशाळाच का?

चित्रपटाच्या मध्यभागी असलेली मोडतोड ही केवळ कथानकाची कलाटणी नाही. अर्थाच्या दृष्टीने ती सर्वांत भारलेली कृती आहे. अल्बर्ट कोहेन यांनी १९५५ मध्ये किशोरांच्या टोळ्यांविषयी लिहिताना एक महत्त्वाचा मुद्दा मांडला होता. अशा मुलांचे अनेक अपराध निरुपयोगी असतात. त्यांतून त्यांच्या हाती काही लागत नाही. हे अपराध समजण्यासाठी लाभ शोधून चालत नाही, अवहेलना शोधावी लागते. मध्यमवर्गीय मापाने सतत मोजले गेलेले आणि सतत कमी भरलेले मूल शेवटी ते मापच मोडून टाकते.

प्रयोगशाळा हे शाळेतील ते माप आहे. काचेची नाजूक उपकरणे, कुलूपबंद कपाटे, हात लावण्यापूर्वी घ्यावयाची परवानगी यांतून शाळेची 'बुद्धी' कोठे ठेवली आहे हे प्रत्येक मुलाला कळते. मैदान सर्वांचे असते, प्रयोगशाळा हुशारांची असते. घरी आणि कामाच्या ठिकाणी ज्यांचे हात रोज अवजारांशी झगडतात, अशा मुलांच्या हातांवर शाळेत मात्र विश्वास टाकला जात नाही. ही विसंगती कोणत्याही भाषणावाचून प्रेक्षकापर्यंत पोहोचते, हे दिग्दर्शनाचे यश होय. मुलांनी शाळेची इमारत फोडली नाही. शाळेने जेथे त्यांना 'आत' घेतले नव्हते, ते दार फोडले, असे म्हणता येईल.

या अर्थनिर्णयाला एक धोका आहे आणि तो टाळला पाहिजे. कृती समजणे म्हणजे ती योग्य ठरवणे नव्हे. मोडलेली प्रयोगशाळा ही शेवटी सार्वजनिक संपत्ती होती आणि तिच्यावर पुढच्या वर्षीच्या मुलांचाही हक्क होता. हे भान चित्रपटाने सोडलेले नाही. मुलांना केवळ बळी म्हणून रंगवून त्यांची जबाबदारी काढून घेतली असती तर तो दुसऱ्या प्रकारचा अपमान ठरला असता. येथे मुले कर्ती आहेत. मोडणारीही तीच आणि जोडणारीही तीच.

देशमुख सरांचे स्थान

देशमुख सर हे मराठी साहित्य-चित्रपटांतील आदर्श गुरुजींच्या परंपरेत बसवले जातात. तसे करताना त्यांचे वेगळेपण निसटते. आदर्श गुरुजी मुलांना संस्कार देतात. देशमुख सर आधी मुलांचे ऐकतात. मुलाच्या वर्तनामागे त्याचे घर, त्याचे काम, त्याचे अपमान उभे असतात, हे त्यांना पुस्तकातून नव्हे तर मुलांच्या मागे जाऊन कळते. युरी ब्रॉन्फेनब्रेनर यांनी १९७९ मध्ये मांडलेल्या परिस्थितिकीय सिद्धान्तात घर आणि शाळा ही मुलाची दोन स्वतंत्र वर्तुळे नसून त्यांना जोडणाऱ्या धाग्यांवर विकास अवलंबून असतो, असे प्रतिपादन आहे. मध्यमवर्गीय मुलाच्या बाबतीत हे धागे आपोआप विणलेले असतात. शाळेची भाषा हीच घरची भाषा असते, शिक्षक आणि पालक एकाच वर्तमानपत्राचे वाचक असतात. 'फ' तुकडीतील मुलाच्या बाबतीत घर आणि शाळा यांची गाठ पडते ती 'उद्या पालकांना घेऊन ये' या निरोपाने, म्हणजे फक्त आरोपाच्या प्रसंगी. देशमुख सर हा तुटलेला धागा एकट्याने विणू पाहतात.

हा विचार पुण्याला नवा नाही. १८४८ मध्ये बुधवार पेठेतील भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू करणाऱ्या जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात बारा वर्षांपर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली होती. त्याच निवेदनात, शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून घडवावेत, म्हणजे ते मुलांत मिसळतील आणि त्यांच्या गरजा जाणतील, असेही त्यांनी सुचवले होते. मूल शाळेत का टिकत नाही या प्रश्नाचे उत्तर मुलात न शोधता शाळा आणि समाज यांच्यातील अंतरात शोधण्याची ही दृष्टी ब्रॉन्फेनब्रेनर यांच्या जवळजवळ शंभर वर्षे आधीची आहे. फुल्यांनी मात्र चांगल्या शिक्षकाची वाट पाहिली नव्हती. असे शिक्षक घडवणारी व्यवस्था त्यांनी मागितली होती. 'दहावी फ'मध्ये देशमुख सर अपवाद म्हणून येतात. अपवादाने प्रेक्षक हेलावतो, पण त्यामुळे नियम तसाच राहतो.

भरपाईचा प्रश्न

मुले श्रम करून प्रयोगशाळेचे नुकसान भरून देतात, हा चित्रपटाचा सर्वांत लोकप्रिय भाग. दंडाऐवजी दुरुस्ती हे न्यायाचे प्रगल्भ रूप आहे, यात शंका नाही. हाकलून लावलेल्या मुलाला आपल्या कृतीचा परिणाम पाहण्याची, तो निस्तरण्याची आणि आपण काही उभारू शकतो याचा प्रत्यय घेण्याची संधी येथे मिळते. एरिक्सन ज्याला उद्यमशीलता म्हणतात ती या मुलांना वर्गात सापडली नव्हती, ती भरपाईच्या कामात सापडते. या अर्थाने ही शिक्षा त्यांच्या दहा वर्षांच्या शिक्षणापेक्षा अधिक शैक्षणिक ठरते.

तथापि हिशेबाची दुसरी बाजू रिकामी राहते. मुलांनी प्रयोगशाळेचे जे मोडले त्याची किंमत रुपयांत मोजली गेली. शाळेने मुलांचे जे मोडले त्याची किंमत कोणत्या वहीत लिहायची? हाणामारी दोन्ही तुकड्यांची असताना शाळेचा रोष एकीवरच का उतरला, याचा जाब शाळेला द्यावा लागत नाही. तुकड्या का पाडल्या, या प्रश्नावर व्यवस्थापनाची बैठक बसत नाही. चित्रपटाच्या नैतिक समीकरणात मुले पश्चात्ताप करतात, श्रम करतात, बदलतात. संस्थेला फार तर मन मोठे करून क्षमा करायची असते. परिणामी जो चित्रपट वर्तनाचे मूळ व्यवस्थेत दाखवून सुरू झाला, तो वर्तनाचा उपाय व्यक्तीच्या ठायी दाखवून संपतो. ही मुले दहावी होऊन बाहेर पडतील. परंतु पुढच्या जूनमध्ये 'फ' तुकडीचा हजेरीपट नव्या नावांनी भरला जाईलच.

पॉल विलिस यांच्या १९७७ सालच्या अभ्यासातील इंग्लंडमधील कामगारांची मुले शाळेला विरोध करता करता स्वतःच कारखान्यातील कष्टाच्या कामाकडे वळतात. त्यांचे बंडच व्यवस्थेच्या पथ्यावर पडते. 'दहावी फ'मध्ये असाच एक पेच नकळत दडला आहे. ज्या मुलांना शाळेने बुद्धीच्या कामाला अपात्र ठरवले, त्यांनी आपली पात्रता पुन्हा हाताच्या कामानेच सिद्ध करायची आहे. श्रमप्रतिष्ठा हे मूल्य मोठेच, पण ते 'अ' तुकडीला शिकवले जात नाही. भरपाईच्या कामात 'अ'ची मुलेही समान वाटेकरी झाली असती, तर चित्रपटाचा शेवट कदाचित कमी गोड, पण अधिक खरा झाला असता.

मराठीतील अन्य दोन शाळा

ही मर्यादा अधिक स्पष्ट होण्यासाठी शाळेविषयीच्या आणखी दोन मराठी कृतींचा थोडक्यात विचार उपयुक्त ठरेल. मिलिंद बोकील यांच्या 'शाळा' (२००४) या कादंबरीतील मुकुंद जोशी आणीबाणीच्या काळात नववीत आहे. त्याचेही लक्ष अभ्यासात नाही, तोही शाळेतील बंधनांवर मनातून चिडलेला आहे. पण त्याच्या भरकटण्याला घरात जागा आहे, नरूमामासारखा समजून घेणारा माणूस आहे. म्हणून त्याचे वर्तन वाचकाला 'वयात येणे' वाटते. तेच वर्तन 'फ' तुकडीच्या मुलात 'गुंडगिरी' ठरते. वर्तन बदलत नाही, त्याला मिळणारे नाव बदलते; आणि नाव देण्याचा अधिकार कोणाकडे आहे यावर मुलाचे भवितव्य ठरते.

नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री' (२०१३) या चित्रपटातील जब्या कैकाडी समाजातील मुलगा आहे. आपल्या कुटुंबासह त्याला डुकरे पकडावी लागतात ती वर्गमित्रांच्या देखत, त्यांच्या टिंगलीच्या वर्षावात. शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येताच हातचे काम टाकून ते कुटुंब स्तब्ध उभे राहते. समतेचे गीत आणि विषमतेचे काम एका चौकटीत येतात. शेवटी जब्याने भिरकावलेला दगड थेट प्रेक्षकाच्या दिशेने येतो. त्या दगडाची भरपाई जब्याकडे मागावी असे कोणत्याही प्रेक्षकाला वाटत नाही, कारण चित्रपटाने हिशेबाची दिशाच उलटी केलेली असते. 'दहावी फ'मधील मोडतोड आणि 'फँड्री'तील दगड या एकाच अनुभवाच्या दोन कृती आहेत. पहिलीनंतर मुलांना सुधारण्याची संधी मिळते. दुसरीनंतर प्रेक्षकाला स्वतःकडे पाहावे लागते. दोन्हींची समाजाला गरज आहे, पण पहिलीच आपल्याला अधिक सोयीची वाटते, हे मान्य केले पाहिजे.

आजचे पुणे आणि चित्रपटाची प्रस्तुतता

चित्रपटानंतरच्या काळात कायद्याने काही बदल घडवले. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याने शारीरिक शिक्षा व मानसिक छळाला मनाई केली आणि खासगी शाळांत वंचित व दुर्बल घटकांसाठी २५ टक्के जागा राखल्या. परंतु हा कायदा ६ ते १४ वर्षांच्या मुलांसाठी, म्हणजे आठवीपर्यंतच आहे. मुले मागे ठेवू नयेत या तरतुदीतही २०१९ मध्ये दुरुस्ती होऊन पाचवी व आठवीच्या परीक्षेत अनुत्तीर्ण झालेल्या मुलांना मागे ठेवण्याची मुभा राज्यांना मिळाली. 'दहावी फ'मधील मुलांचे वय या संरक्षणाच्या कुंपणाबाहेरच उरले. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने शासकीय वा अनुदानित शाळेच्या एक किलोमीटर परिसरातील खासगी शाळांना २५ टक्क्यांच्या अटीतून वगळण्याचा प्रयत्न केला. मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द ठरवला. 'अ' आणि 'फ' यांनी एका वर्गात बसावे की नाही, हा प्रश्न शाळेच्या भिंतींतून निघून आता न्यायालयापर्यंत पोहोचला आहे.

शहराच्या रस्त्यांवरही हाच प्रश्न निराळ्या रूपात दिसतो. २०२२च्या अखेरीपासून पुण्यातील वृत्तपत्रांत 'कोयता गँग' हा शब्द रूढ झाला. हातात कोयता घेऊन दहशत माजवणाऱ्यांत अल्पवयीन मुलेही आढळली. या घटनांतील बळींचे भय खरे आहे. त्याला सौम्य करण्याचे कारण नाही. पण ही मुले शाळेतून नेमकी कोणत्या इयत्तेत, कोणत्या तुकडीतून बाहेर पडली, हे विचारण्याआधीच त्यांना टोळीचे नाव मिळून गेले होते. एडविन लेमर्ट यांनी सांगितलेला फरक येथे लागू पडतो. पहिले विचलन अनेक कारणांनी घडते; दुसरे विचलन समाजाने दिलेल्या नावाला उत्तर म्हणून घडते. याच शहरात मे २०२४ मध्ये कल्याणीनगर येथे भरधाव मोटारीच्या धडकेत दोघांचा मृत्यू झाला. मोटार चालवल्याचा आरोप असलेल्या सतरा वर्षांच्या मुलाला प्रथम जामीन मिळाला तेव्हा रस्ता अपघातांवर ३०० शब्दांचा निबंध लिहिणे ही त्यातील एक अट होती. पुढे तो आदेश बदलला गेला. त्या प्रकरणाच्या न्यायनिवाड्यात जाण्याचे येथे प्रयोजन नाही. मुलाला मूल म्हणून वागवणे हे बालन्यायाचे तत्त्वच आहे आणि ते प्रत्येक मुलाला लागू असावे. प्रश्न एवढाच की, ते तत्त्व वापरण्याची आठवण समाजाला सर्व मुलांच्या बाबतीत सारख्याच तत्परतेने होते काय? एकाची भरपाई निबंधात आणि दुसऱ्याची घामात मोजली जात असेल, तर तुकड्या केवळ शाळेतच पाडल्या जातात असे म्हणता येणार नाही.

समारोप

'दहावी फ' या चित्रपटाचे मोल त्याच्या सुखद शेवटात नाही. मुलाच्या वर्तनाचा अर्थ लावण्यासाठी त्याच्या गुणपत्रिकेकडे वा स्वभावाकडे न पाहता तो कोठे बसवला गेला आहे हे पाहावे, ही दृष्टी त्याने दिली. घर, वस्ती, जात, श्रम आणि शाळेची वर्गवारी हे घटक मुलावर सुटे सुटे परिणाम करत नाहीत. तुकडीच्या एका अक्षरात ते एकत्र येतात आणि मुलाला त्या अक्षराप्रमाणे वागायला शिकवतात. चित्रपटाचा पूर्वार्ध हे उलगडून दाखवतो, उत्तरार्ध मात्र ते अक्षर न पुसता मुलालाच त्यातून वर उचलू पाहतो.

शिक्षक-प्रशिक्षणात हा चित्रपट दाखवला जातो तेव्हा चर्चा बहुधा 'आपण देशमुख सर कसे व्हावे' या प्रश्नापाशी थांबते. तो प्रश्न आवश्यक आहे, पण पुरेसा नाही. त्याच्या शेजारी दुसरा प्रश्न ठेवला गेला पाहिजे. आपल्या संस्थेत तुकड्या कशाच्या आधारे पडतात, खालच्या तुकडीला कोणते शिक्षक दिले जातात, प्रयोगशाळेची किल्ली कोणासाठी उघडते आणि भांडणानंतर पालकांना बोलावणे कोणाच्या घरी जाते? हे प्रश्न शाळांपुरतेही राहत नाहीत. त्याच तुकड्यांतून वर आलेली मुले महाविद्यालयाच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसतात आणि तेथे त्यांना 'बेशिस्त' हे नाव नव्याने मिळते. त्या बाकापाशी जाऊन मुलाच्या वर्तनाऐवजी त्याच्या मागील दहा-बारा वर्षांची चौकशी करणे, ही 'दहावी फ'ने अध्यापकांवर टाकलेली खरी भरपाई आहे. ती अद्याप देणे आहे.